बखरीची कसोटी शुभवर्तमानाला लावली, आता पुढे काय?

सीनाकाठची

मी पुण्यात इतिहास हा विषय घेऊन बी.ए.च्या तिसऱ्या वर्षात शिकते. घर नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असून आमच्या चर्चच्या मंडळीचे सचिव आहेत, आई स्त्रियांची प्रार्थनासभा चालवते, आणि आजीच्या काळापासून आमच्या घरात प्रार्थना झाल्याखेरीज रात्रीचे ताट वाढले जात नाही. वचने पाठ म्हणण्याच्या स्पर्धेत माझे नाव पुकारले की बाकीची मुले आधीच हिरमुसत. हे तक्रार म्हणून सांगत नाही. माझे बालपण सुखाचे गेले. कुणी जाच केला असता तर हे लिहिणे सोपे झाले असते.

गेल्या वर्षी आम्हाला इतिहासाची साधने हा भाग होता. लेखक घटनेपासून किती काळ दूर आहे, त्याने कोणाच्या सांगण्यावरून लिहिले, दुसऱ्या स्वतंत्र साधनाने त्याला दुजोरा मिळतो का, हे प्रश्न आमच्याकडून अक्षरशः घोटून घेण्यात आले. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर दोन दशकांच्या आत, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीस लिहिली गेली आणि तिचा लेखक दरबारात वावरलेला होता, म्हणून तिला वजन द्यायचे. मल्हार रामराव चिटणिसांची बखर सव्वाशे वर्षांहून अधिक काळाने आली, म्हणून तिच्यातला प्रत्येक संवाद जपून वाचायचा. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी बखरींवर दाखवलेल्या अविश्वासाबद्दल मी लिहिलेल्या उत्तराला चांगले गुणही मिळाले.

त्यानंतरच्या सुटीत घरी गेले असताना उपासनेत येशूला धरून देणाऱ्या शिष्याच्या, यहूदा इस्कर्योताच्या मृत्यूचा उतारा वाचला गेला. मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, सत्ताविसाव्या अध्यायात तो पैसे मंदिरात फेकून गळफास घेतो आणि त्या पैशांतून शेत विकत घेतात ते याजक. ‘प्रेषितांची कृत्ये’ या नव्या करारातल्या पुस्तकात मात्र शेत तो स्वतःच घेतो आणि तिथे पालथा पडून त्याचे पोट फुटते. हे दोन्ही उतारे मला लहानपणापासून पाठ होते, पण ते एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याचे मला कधी सुचलेच नव्हते. त्या रात्री मी मार्क आणि योहान ही शुभवर्तमाने समोरासमोर ठेवून वाचले. अभ्यासकांच्या मते मार्क सर्वांत जुना, इ. स. ७० च्या आसपासचा, म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर सुमारे चाळीस वर्षांनी लिहिलेला. योहान त्याहूनही वीसेक वर्षांनी नंतरचा. मार्काच्या सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत सोळाव्या अध्यायाची शेवटची बारा वचने नाहीतच. तिथे शुभवर्तमान संपते ते कबरीपाशी घाबरलेल्या स्त्रिया पळून गेल्या आणि त्यांनी कोणाला काही सांगितले नाही, या वाक्यावर.

मला देव नाही असे म्हणायचे नाही. चिटणिसांच्या बखरीला मी जो प्रश्न विचारते तो मत्तयाला विचारायचा नाही असे मला सांगितले जाते, आणि त्याचे कारण मात्र कुणी सांगत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. आमच्या पाळकसाहेबांना मी हे विचारले तेव्हा ते रागावले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. आजारी माणसासाठी करतात तशी.

पुढच्या महिन्यात तरुण संघाच्या मेळाव्यात मी साक्ष द्यावी, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सर्वांपुढे सांगावा, असे ठरले आहे. पप्पांनीच माझे नाव दिले आहे. तिथे उभी राहून काय सांगू?

बाभोळा

मी वसईचा, कॅथलिक, वयाने तुझ्या वडिलांच्या बरोबरीचा असेन. मुंबईत अभियांत्रिकीच्या वसतिगृहात असताना माझाही असाच खोळंबा झाला होता, मात्र माझ्या बाबतीत निमित्त बायबलमधल्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकाचे होते. पहिल्या अध्यायात आधी झाडे, मग प्राणी, शेवटी माणूस. दुसऱ्यात आधी माणूस आणि मग बाग. मी तावातावाने गावी जाऊन फादरांना हे ऐकवले, आणि ते शांतपणे म्हणाले की हे दोन वेगवेगळ्या परंपरांतले वृत्तांत आहेत, हे आम्हाला सेमिनरीत शिकवतात. मला धक्का बसला तो या उत्तराचा. पोप बारावे पायस यांनी १९४३ मध्येच पवित्र शास्त्रातले लेखनप्रकार ओळखून अभ्यास करण्यास मोकळीक दिली होती आणि १९५० मध्ये मानवी शरीराच्या उत्क्रांतीची चर्चा करण्यास हरकत नसल्याचे लिहिले होते. विश्वाच्या प्रसरणाचा आणि आदिम अणूचा सिद्धान्त मांडणारा जॉर्ज लमेत्र तर धर्मगुरूच होता. मग धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला सहा दिवसांचा तक्ता का काढायला लावला?

माझा राग देवावर नव्हता. मोठ्यांना ठाऊक होते आणि त्यांनी आम्हाला सांगितले नाही, यावर होता. तो अजून पुरता गेलेला नाही. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मात्र जातो.

सीनाकाठची

आपण लिहिलेला राग मला ओळखीचा वाटला. आणखी एक गोष्ट मला सतत खुपते. आमच्या घरात ज्यांची नावे आदराने घेतली जातात, ती सगळी माणसे आपल्या संस्कारांना प्रश्न विचारूनच मोठी झाली. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला, त्यांनी तो चिकित्सक बुद्धीने वाचला, आणि १८९५ मध्ये सारे गणगोत तुटणार हे ठाऊक असताना बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी नवऱ्यामागोमाग मान डोलावली नाही. त्या पाच वर्षे स्वतःशी झगडल्या आणि १९०० मध्ये त्यांनी निर्णय घेतला. पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर फारच बोलके आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर दोनच वर्षांत त्यांचा तिथल्या धर्मभगिनींशी त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या सिद्धान्तावरून वाद झाला, आणि एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले असताना दुसऱ्याचे मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, अशा आशयाचे पत्र त्यांनी लिहिले. टिळकांनी अखेरच्या काळात मिशनचे काम सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी.

ख्रिस्ताकडे येताना विचारलेले प्रश्न आमच्याकडे कौतुकाने सांगितले जातात. तेच प्रश्न ख्रिस्ताच्या घरात बसून विचारले की पोरीला पुण्याची हवा लागली असे म्हणतात.

मिशन कंपाऊंड

बाळ, तू हुशारीने लिहिले आहेस, पण एका जागी मला थांबवावे लागेल. टिळक, रमाबाई आणि लक्ष्मीबाई ही ब्राह्मण घरांतली माणसे होती. त्यांच्याकडे ग्रंथ होते आणि ग्रंथाला प्रश्न विचारण्याची सवयही होती. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या प्रामुख्याने त्यांच्यामुळे भरल्या नाहीत. त्या भरल्या महारवाड्यातल्या आणि मांगवाड्यातल्या माणसांनी, आणि त्यांतले बरेचसे १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाच्या आगेमागे आले. माझे पणजोबा त्यांतलेच. आम्हाला कुणी हिणवले की म्हणतात, तुम्ही भाकरीसाठी बाटलात. मी तरुण असताना हे ऐकून माझे डोके फिरत असे. आता मी म्हणतो, होय, भाकरीसाठी, आणि शाळेसाठी, आणि ज्या माणसाच्या सावलीचा विटाळ मानत त्याला नाव विचारून बाकावर बसवले म्हणून.

पणजोबांनी त्रैक्याचा विचार केला असेल असे मला वाटत नाही. आमच्या घरात सांगत असत ते एवढेच, की पहिल्या प्रभुभोजनाच्या दिवशी पेला हातोहात फिरत त्यांच्यापर्यंत आला आणि त्यांच्या हातून पुढच्या माणसाने घेतला, तेव्हा ते रडले. आता तू मला सांग, या साधनाला तू कोणत्या वर्गात घालशील? सत्तर वर्षांनी सांगितलेली कौटुंबिक आठवण आहे, दुजोरा नाही, लेखी पुरावा नाही. तरी माझे सगळे आयुष्य त्या पेल्यावर उभे आहे.

ख्रिस्ती राहण्याची किंमतही आम्ही मोजली आहे. अनुसूचित जातींबाबतच्या १९५० च्या आदेशाने तो दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला, आमचा झाला नाही. माझ्या वडिलांना लोक समजावत की कागदावर हिंदू लिहा, रविवारी कुठे जाता ते कोण पाहतो? त्यांनी लिहिले नाही. अशा घरातली मुलगी जेव्हा म्हणते की मत्तय आणि प्रेषितांची कृत्ये जुळत नाहीत, तेव्हा बापाला वचन ऐकू येत नाही. मुलगी सगळ्या पिढ्यांचा हिशेब चुकीचा ठरवते आहे, असे त्याला ऐकू येते. तुझे चुकते आहे असे मी म्हणत नाही. पप्पांना काय ऐकू येईल, हे मात्र ध्यानात ठेव.

शंकेखोर सोलापूरकर

वरचे लिखाण वाचून थोडा वेळ काही सुचले नाही. मी विश्वास सोडून बारा वर्षे झाली. सोडताना जे घडले त्यातला एक प्रसंग सांगतो, कारण तो तुमच्याही वाट्याला येऊ शकतो. कचेरीत चहाच्या वेळी मी सहज म्हणालो की मी आता देव मानत नाही. त्याबरोबर एक सहकारी उठून माझा हात हातात घेऊन म्हणाला, “बरे झाले, परत आलात.” मी देवच सोडला होता, आणि यांना वाटले मी देव बदलतो आहे! त्या दिवशी संध्याकाळी मी कित्येक महिन्यांनी चर्चच्या आवारात जाऊन बसलो. श्रद्धा परतली म्हणून नव्हे. माझ्या शंकेचा झेंडा दुसऱ्याच कुणाच्या हातात गेलेला मला पाहवेना म्हणून.

बहुसंख्य समाजातला मुलगा नास्तिक झाला तर तो फक्त नास्तिक होतो. आपल्याकडे लगेच मोजदाद होते, एक गेला. त्यामुळे शंका कुठे आणि कुणासमोर बोलायची याचे भान ठेवावे लागते, आणि हे भान म्हणजे भित्रेपणा आहे असे मी मानत नाही. आडनावावरून कुणाला कळत नसेल तर गोष्ट वेगळी. माझ्या नावातच बायबलमधला संदेष्टा बसलेला आहे.

पायवाट

मी पाळक आहे. मराठवाड्यातल्या चार गावांच्या मंडळ्या सांभाळतो. सीनाकाठची यांच्या पाळकांनी डोक्यावर हात ठेवला, हे वाचून मला लाज वाटली, कारण मीही अनेकदा असाच हात ठेवला आहे. आम्हाला धर्मशिक्षणाच्या पहिल्याच वर्षी मार्क आधीचा आणि मत्तय व लूक यांनी त्याचा आधार घेतला हे शिकवले गेले. आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याच्या नावावरच्या नव्या करारातल्या तेरा पत्रांपैकी सातच निर्विवादपणे त्याची मानली जातात, हेही शिकवले गेले. पदवी घेऊन पहिल्या मंडळीत गेलो तेव्हा समोरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. तिला वाचता येत नव्हते, पण पुस्तक मांडीवर घेऊन ती पानावरून बोट फिरवत असे. मी त्या दिवशी ठरवले की हे सारे नंतर सांगू. त्या गोष्टीला अठरा वर्षे झाली. आता बाकावर तिची पदवीधर नात बसते आणि माझे “नंतर” अजून उजाडलेले नाही.

तरीही, तुमच्याच शास्त्राच्या आधारे मी एक हरकत घेतो. तुम्ही बखर तपासलीत आणि पत्रव्यवहार तसाच ठेवलात. राजवाडे असते तर त्यांनी आधी पत्रे मागितली असती. नव्या करारातली सर्वांत जुनी साधने शुभवर्तमाने नसून पौलाची पत्रे आहेत. करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र इ. स. ५५ च्या सुमाराचे आहे, म्हणजे घटनेपासून पंचवीस वर्षांच्या आतले. त्याच्या पंधराव्या अध्यायात पौल म्हणतो की जे मला सांगण्यात आले तेच मी तुम्हाला सांगितले, आणि पुनरुत्थित ख्रिस्ताला पाहिलेल्या पाचशेंहून अधिक जणांपैकी बहुतेक अजून जिवंत आहेत. साक्षीदार हयात असताना लिहिलेले अस्सल पत्र आहे हे. याला तुमच्या परीक्षेत किती गुण मिळतील?

सीनाकाठची

पाळकसाहेब, ही हरकत मला खरोखरच सुचली नव्हती, आणि तिच्यामुळे मी दोन रात्री पत्रे वाचत बसले. अस्सल पत्राला वजन आहे हे मान्य. पण पत्र कशाचा पुरावा आहे, हाही प्रश्न आम्हाला शिकवला आहे. पौल काय मानत होता आणि त्याला काय सांगण्यात आले होते याचा ते भक्कम पुरावा आहे. त्या पाचशेंपैकी एकाचेही स्वतःचे पत्र आपल्याकडे नाही. शिवाय पौल येशूच्या आयुष्याबद्दल इतके कमी सांगतो की डोंगरावरचे प्रवचन किंवा उधळ्या पुत्राचा दाखला त्याच्या पत्रांत शोधूनही सापडत नाही. माझे ज्याच्यावर प्रेम आहे तो येशू मला बखरीतच भेटतो, पत्रांत नाही. हे लिहिताना मला हसू आले आणि थोडे रडूही.

मिशन कंपाऊंड काका, आपल्या पेल्याला मी कोणत्याच वर्गात घालू शकले नाही. टिळक-रमाबाईंची नावे मी ज्या ऐटीत घेतली, ती ऐट आपले वाचल्यावर उतरली. माझे स्वतःचे पणजोबा कुठून आले हे मी घरी कधी विचारलेच नव्हते. आजीला फोन करून विचारले तर ती म्हणाली, “दुष्काळात आलो, आणि सुकाळ झाल्यावर गेलो नाही.” गेलो का नाही, हे ती सांगेना.

दापोडीची मावशी

सगळे मोठमोठे लिहीत आहेत म्हणून मी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगते. साक्ष खोटी देऊ नकोस आणि भर सभेत शंका मांडून वडिलांना तोंडघशीही पाडू नकोस. घरी सांगायचे ते मेळाव्याच्या आधी, आणि आईच्या आधी पप्पांना सांग. सांगताना रडू नकोस. मुलगी रडली की बापाला वाटते, कुणा मुलाची भानगड आहे.

सीनाकाठची

मेळावा होऊन आठ दिवस झाले. मावशी, आपला सल्ला मी मानला, एक रडण्याची गोष्ट सोडून. पप्पांनी खरोखरच पहिला प्रश्न विचारला तो मुलाबद्दलचाच.

मुलगा नाही, यहूदा आहे, असे मी म्हटल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी माझी साधनांची वही मागितली. ते स्वतः पाचवी ते सातवीला इतिहास शिकवतात. बखरीचे पान वाचून त्यांनी विचारले, “मग सभासद तुम्ही टाकून दिला का?” मी म्हटले, टाकून कसा देणार, त्याच्याइतके जवळचे दुसरे कोण आहे? ते “हं” म्हणाले आणि वही घेऊन आत गेले. ते माझ्याशी सहमत झाले असे कुणी समजू नये. दुसऱ्या दिवशीच्या कौटुंबिक प्रार्थनेत त्यांनी माझे नाव घेऊन विश्वासात स्थैर्य मागितले, आणि मीही आमेन म्हटले, कारण स्थैर्य मलाही हवेच आहे.

साक्ष मी दिली नाही. तिच्याऐवजी स्तोत्र ८८ वाचण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते, की बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारातच संपते. वाचून झाल्यावर सभेत पुढे काय करायचे ते कुणाला कळेना, म्हणून पेटीवाल्याने टिळकांचे एक भजन सुरू केले. मी ते मोठ्याने म्हटले. त्यातल्या प्रत्येक ओळीवर माझा विश्वास होता का, हे मला सांगता येणार नाही. सूर मात्र लागला होता. जेवणाच्या रांगेत बारावीतल्या एका मुलीने हळूच विचारले की हे स्तोत्र खरेच पवित्र शास्त्रात आहे का. मी तिला पान उघडून दाखवले.

आता एक प्रश्न पायवाट यांच्यासाठी, आणि तो माझा नसून पप्पांचा आहे. नाताळासाठी ते रविवार शाळेचा धडा तयार करत आहेत. काल रात्री त्यांनी कागदाचे दोन रकाने करून एकात मत्तयाचा आणि दुसऱ्यात लूकाचा जन्मवृत्तांत लिहून काढला. मागी, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, आणि तारा फक्त पहिल्या रकान्यात आले, मेंढपाळ आणि गव्हाण फक्त दुसऱ्यात. मत्तयात ते कुटुंब मिसरात, म्हणजे इजिप्तला, पळून जाते, लूकात मंदिरातले विधी आटोपून सरळ नासरेथला परतते. आमच्या मंडळीच्या देखाव्यात गेली कित्येक वर्षे मागी आणि मेंढपाळ एकाच गोठ्यात उभे असतात, आणि ते पुतळे पप्पांनीच रंगवलेले आहेत. वर्गात आठ ते बारा वर्षांची एकोणीस मुले आहेत. तो कागद फळ्यावर लावावा की टेबलाच्या खणात ठेवावा, असे ते विचारत आहेत.